हुसेनबीला वाचून दाखवा

बीड
रविवार, २४ नोव्हेंबर

ती. आबांना सत्यशीलाचा नमस्कार.

हे पत्र तुमच्यासाठी न्हाई. तुमी माझा फोन बावीस वेळा उचलला न्हाई, तवा तुमच्याशी बोलायची हौस माझी बी फिटली. हे पत्र हुसेनबीसाठी हाय. तीच, कर्नाटकात हल्याळला आपल्या ऊसतोडीच्या फडापलीकडं सिद्द्यांची वस्ती हाय तिथली, कुरळ्या पांढऱ्या केसांची, गेल्या साली शेजारच्या वावरात ऊस तोडायची ती. तिला मराठी समजतं पण वाचता येत न्हाई. तुमी चौथी पास हायत आणि टोळीत तुमच्याशिवाय वाचणारं दुसरं कुणी न्हाई. तवा हे तिला वाचून दाखवा.

निरोप हाय हा. आणि निरोप अंगावर आला की तो पोचवल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत न्हाई, हे मला चांगलं ठाऊक हाय. एकदा उमापूरच्या कुणा अनोळखी माणसाचा निरोप द्यायला तुमी फड सोडून सात किलोमीटर चालत गेलते. ज्याला द्यायचा त्यानं तुमाला भर बाजारात शिव्या दिलत्या. तरी गेलते. आता म्हणाल, पोरगी लई हुशार झाली. झाली.

पत्र सिदूच्या हाती देते. मुकादमाची गाडी घेऊन तो गावाकडं येतो आणि पीठ-ज्वारी भरून टोळीवर परत जातो. बीडवरून त्याला वाकडी वाट पडते, पण तो न्हाई म्हणत न्हाई.

यंदा ऊसतोडीला निघालेली आपली गाडी केजच्या स्टँडवर थांबली तवा मी पाण्याचा कॅन घेऊन उतरले आणि परत चढले न्हाई, ह्याबद्दल या पत्रात काही लिहिणार न्हाई. पत्र हुसेनबीचं हाय, तिला त्याचं काय. फक्त एवढं वाचा, की मी बीडला रुक्मिणीबाईंच्या खानावळीत हाय. सकाळ-संध्याकाळ भाकरी थापते, वरच्या खोलीत राहते. रुक्मिणीबाई तोंडानं फटकळ हायत, पण पोटभर वाढतात.

आता हुसेनबीचं.

हुसेनबी, सलाम. गेल्या साली जेवणाच्या सुट्टीत तू मला विचारलंस, "तेरे मुलुक में हमारा एक आदमी राज किया बोलते. सच्ची क्या?" मी बी.ए. झालेली, इतिहास घेऊन, त्याच मुलखातली. मला सांगता आलं न्हाई. परीक्षेपुरत्या दोन ओळी पाठ केलत्या, त्या बी विसरलेली. मी मान खाली घालून मोळी बांधत बसले. तू हसली असतीस तरी बरं झालं असतं. तू हसली न्हाईस, ते लई लागलं.

सच्ची हाय, हुसेनबी. त्याचं नाव मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबश मुलखातलं पोर, तुमा सिद्द्यांच्या वाडवडलांसारखं समुद्रापलीकडून आणलेलं. लहानपणीच विकलं गेलं, मग पुन्हा विकलं गेलं, आणि पुन्हा. घरचं नाव चापू होतं म्हणतात, अंबर हे नाव धन्यानं ठेवलेलं. हात बदलत बदलत तो आपल्या दख्खनला आला, तवा नगरला निजामशाही होती. इथं ज्यानं विकत घेतला तो वजीर बी हबशीच होता. धनी मेला, अंबर मोकळा झाला, शे-दीडशे घोडेस्वार गोळा केले, आणि पुढं अख्खी निजामशाही त्याच्या इशाऱ्यावर चालली. बादशहा नव्हता तो. बादशहा गादीवर बसवणारा होता. आज जे संभाजीनगर हाय, ते खडकी नावानं त्यानंच वसवलं.

आणि मी रविवारी काय करते ते ऐक. बीडात भागवत सर म्हणून एक हायत, ते दर रविवारी सकाळी लोकांना शहर पायी फिरवून दाखवतात. मी त्यांना म्हणले, माझ्याकडं एक फेरी हाय. हबशी लोक या मुलखात कसे आले, इथं काय करून गेले, आणि त्यांचं आपल्या गल्ल्यांत काय उरलं. सर म्हणले, कोण येणार असलं बघायला. आज नऊ माणसं आली. मी दोन तास बोलले आणि एक बी माणूस मधून निघून गेला न्हाई.

उरलेली गोष्ट पाहिजे असली तर आबांजवळ निरोप दे.

तुझी
सत्यशीला


बीड
१५ डिसेंबर

ती. आबांना नमस्कार.

हे पत्र बी तुमचं न्हाई. पण सिदूनं जे सांगितलं ते लिहिल्याशिवाय राहवत न्हाई.

तो म्हणला, तुमी पत्र टोपीत ठेवलं आणि तीन दिवस तसंच घेऊन हिंडलात. चौथ्या दिवशी काम सुटल्यावर हातपाय धुतले, टोपी झटकली आणि सिद्द्यांच्या वस्तीकडं निघालात. आपल्या टोळीतलं माणूस त्यांच्या दारात जात न्हाई. कावून जात न्हाई, ते मला लहानपणापासून कुणी सांगितलं न्हाई. त्यांच्या हातचं पाणी घ्यायचं न्हाई, त्यांच्या झाडाखाली बसायचं न्हाई, एवढंच शिकवलं. आणि तुमी गेलात. आत न्हाई गेलात, उंबऱ्याबाहेर ताठ उभं राहून, कोर्टाचा बेलिफ नोटीस वाचतो तसं मोठ्यांदा वाचलंत. ती म्हणली, बसा. तुमी म्हणलात, "निरोप होता," आणि घडी करून चालू लागलात.

मी एवढी हसले की रुक्मिणीबाई म्हणल्या, "काय गं, भाकरी करपली की."

हुसेनबीचा उलटा निरोप बी तुमीच सिदूजवळ दिलात. दोन प्रश्न. पहिला, "हुसेनबी इचारते, त्या अंबरला त्याची माय पुन्ना भेटली का?" दुसरा, "हुसेनबी इचारते, खानावळीत भाकरी उभ्यानं थापायच्या का बसून, आन डाव्या टाचंला भेगा पडत्यात तिला मेण लावती का न्हाई."

आबा, हुसेनबीनं माझी टाच जन्मात बघितलेली न्हाई. फडात मी कायम बूट घालून असायची.

पण तिनं विचारलंय म्हणल्यावर उत्तर द्यायला पाहिजे. हुसेनबीला सांगा, बसून थापते. टाच बरी हाय. मेण संपलं होतं, आज आणते.

अंबरच्या मायबद्दल मात्र मला कुठं काही लिहिलेलं मिळालं न्हाई. भेटली नसणार. भेटली म्हणून सांगितलं असतं तर हुसेनबीला बरं वाटलं असतं, पण मी खोटं सांगत न्हाई. याच्यावरूनच माझं भागवत सरांशी वाजलं. आमच्या फेरीत नदीकडच्या एका गल्लीत एक जुनी कबर लागते, वरचं छत पडलेलं, कडेनं रुई माजलेली. गल्लीतली म्हातारी माणसं तिला हबशाची कबर म्हणतात. नाव कुणाला माहीत न्हाई. सर म्हणले, अंबरच्या मुलीची हाय म्हणून सांग, लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. मी म्हणले, पाणीच आणायचं तर एकेक कांदा देते हातात. अंबर खुल्ताबादला पुरलाय, आणि इथं कोण हाय ते मला ठाऊक न्हाई, मी तसंच सांगणार.

आणि तसंच सांगितलं. म्हणले, "इथं कोण निजलंय ते कुणाला माहीत न्हाई. कुणाचं तरी लेकरू हाय, लांबून आणलेलं."  मग एक बाई आपण होऊन खाली बसली आणि कबरीवरचा पालापाचोळा वेचायला लागली. बघता बघता सगळेच वेचायला लागले. सर चष्मा पुसत उभे होते.

आता हे फडात सगळ्यांना ऐकवा, धोंडीराम मुकादमाला बी. दिल्लीच्या जहांगीर बादशहाला हा अंबर आयुष्यभर पुरून उरला. फौजा पाठवल्या, सरदार पाठवले, अंबर काही हाताला लागेना. शेवटी बादशहानं एक चित्र काढून घेतलं. चित्रात अंबरचं मुंडकं भाल्यावर खोचलेलं, आणि बादशहा त्याला ऐटीत बाण मारतोय. खरोखर मारता आला न्हाई, म्हणून कागदावर मारला. ही गोष्ट खरी हाय, ते चित्र आज बी हाय.

सत्यशीला


बीड
१२ जानेवारी

ती. आबांना नमस्कार.

आता तुमी दगडावर बसता असं कळलं. उंबऱ्याबाहेरच, पण बसता. प्रगती हाय.

सिदू म्हणतो, चित्राची गोष्ट ऐकल्यापासून फडात कुणी बी उसाचं कांडं उचलतंय, मुकादमाच्या पाठीवर नेम धरतंय आणि म्हणतंय, "मारला बे, चित्रात." मुकादमाला कळंना कावून हसतात. आणि वाचायच्या दिवशी तुमच्या मागं पंधरा-वीस माणसं सिद्द्यांच्या वस्तीत जातात म्हणं. ज्या वस्तीकडं लेकरांना फिरकू देत नव्हते, तिथं.

हुसेनबी इचारते, वरच्या खोलीत थंडी वाजते का. हुसेनबीला सांगा, रुक्मिणीबाईंनी गोधडी दिलीय. हुसेनबी इचारते, खानावळीत येणारी माणसं नीट वागत्यात का. हुसेनबीला सांगा, एकजण नीट वागत नव्हता, त्याला तापलेलं उलथनं दाखवलं, आता तो ताट स्वतः धुऊन ठेवतो. लई काळजी बाई हुसेनबीला माझी.

आता वाईट बातमी. माझी फेरी बंद झाली. गेल्या रविवारी एक पांढऱ्या कपड्यातला पुढारी आला होता, सोबत चार माणसं. अर्धा तास ऐकून मधेच म्हणला, "बीडात दाखवायला दुसरं काही न्हाई का? गुलामांचा इतिहास कशाला उकरता?" मी म्हणले, "साहेब, गुलाम त्याला विकणाऱ्यांनी केलं. बाकीचं सगळं त्यानं स्वतः केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढारी हसला, तोंडदेखलं, आणि गेला. दुसऱ्या दिवशी भागवत सर म्हणले, पुढच्या महिन्यापासून फक्त देवळं आणि विहिरी. तुझी फेरी नको, उगा कटकट.

मी त्यांच्यापुढं रडले न्हाई. खोलीत येऊन रडले.

आता पुढचं पान तुमच्यासाठी हाय. हे हुसेनबीला वाचून दाखवू नका.

आबा, पाणी आणते म्हणले ते खोटं होतं. बी.ए.चा कागद मी घरून निघतानाच पोटाशी बांधला होता. गाडी कुठं बी थांबली असती, मी उतरले असते.

आई गेली आणि तुमच्या कोयत्यातलं दुसरं माणूस मी झाले. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आपल्याकडं बाप-लेकीचा धरला. तुमी तोडायचं, मी मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. दोन साल केलं. मी उतरले आणि तुमी अर्धा कोयता झालात. अर्ध्या कोयत्याला टोळीत काय मान असतो ते मी बघितलंय. सगळ्यात वाईट पट्टा त्याला, सगळ्यात शेवटी पाणी त्याला. मोळ्या बी आता तुमीच बांधत असाल, तसल्या गुडघ्यानं. भाकरी थापताना हे रोज डोक्यात येतं.

मला त्या कामाची लाज कधी वाटली न्हाई. मला भीती वाटली. गेल्या साली मुकादम सगळ्यांसमोर म्हणला होता, सत्यशीलासारखी मोळी अख्ख्या टोळीत कुणाची न्हाई. तुमी खूश झालात. मी न्हाई झाले. वाटलं, आता ह्यातून सुटका न्हाई, मी लई चांगली झाले ह्यात.

तुमाला विचारलं असतं तर तुमी नको म्हणला असता, म्हणून विचारलं न्हाई. एवढंच हाय.

सत्यशीला


बीड
१६ फेब्रुवारी

ती. आबांना नमस्कार.

त्या पानाचं उत्तर आलं न्हाई. या वेळी हुसेनबीनं बी काहीच इचारलं न्हाई. टाचंचं न्हाई, थंडीचं न्हाई. मी सिदूला तीन वेळा विचारलं, काही म्हणले का. तो म्हणला, ते पान तुमी बांधावर एकटं बसून वाचलंत, कितीदा तरी. मग उठून तडक हुसेनबीच्या घरात गेलात. दगडावर न्हाई, आत. चटईवर बसलात, चहा प्यायलात, आणि धोंडीराम मुकादम दारातून बघत होता तर त्याला म्हणलात, "येतो का, तुला बी देती."

तीन कागद फाडले. हे पत्र चौथ्यांदा लिहितेय.

हुसेनबीचा मात्र एक निरोप आला, तिचा स्वतःचा, सिदूच्या कानात सांगितलेला. "बोल उसकू, मेरे कू वो शहर देखना है."

मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी भागवत सरांकडं गेले आणि म्हणले, तुमी नका घेऊ, मी घेते. शहराच्या रस्त्यानं चालायला कुणाची परवानगी लागत न्हाई. रुक्मिणीबाईंनी खानावळीचा भावाचा फळा पालटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याकडून लिहून घेतलं: हबशांचं बीड, पायी फेरी, रविवार १६ मार्च, सकाळी सात, राजुरी वेस. फळा रस्त्याकडं तोंड करून टांगला. गिऱ्हाईक विचारतंय, आज भाजी कोणती, तर त्या म्हणतात, "आधी वाचा, मग जेवा."

तोवर तुमची तोडणी संपलेली असंल, गाडी गावाकडं निघंल. ती बीडवरून आणा. हुसेनबीला पुढच्या सीटवर बसवा, मागं तिची हाडं मोडतील. परतीला सिदू तिला हल्याळला सोडायला तयार हाय, मी विचारून ठेवलंय.

तुमी न्हाई आलात तरी फेरी होणार. एक माणूस आलं तरी होणार. पण तुमी यावं, आबा. ह्याला मी काम म्हणते. ते काम हाय का न्हाई, ते तुमी डोळ्यांनी बघून ठरवावं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्यानं माझं भागत न्हाई.

सत्यशीला


बीड
सोमवार, १७ मार्च

ती. आबांना नमस्कार.

तुमी आलात.

मला माहीत हाय, तुमी तिथं होतात, तुमाला सगळं माहीत हाय. तरी लिहिणार. माझ्या डोळ्यांनी कसं दिसलं ते तुमाला कुठं माहीत हाय.

साडेसहाला मी वेशीत उभी होते. सातला दहा कमी असताना बारा माणसं आली. त्यातली तीन रुक्मिणीबाईंची गिऱ्हाइकं, जेवण बंद होईल ह्या भीतीनं आलेली. पलीकडं भागवत सर आपली सहा माणसं घेऊन उभे, मुद्दाम त्याच वेशीत. माझ्याकडं बघून मान हलवली त्यांनी, बिचारी म्हणून. आणि तेवढ्यात आपली गाडी आली. भांडी, खाटा, कोंबड्यांची खुराडी, वर बसलेली माणसं. गाडीचं मागचं फळकुट पडलं आणि एकेक उतरायला लागलं. आपल्या टोळीतली छबुबाई उतरली, गहिनीनाथ उतरला, त्याची दोन लेकरं उतरली, धोंडीराम मुकादम मिशी पुसत उतरला. मोजून एकतीस. आणि पुढचं दार उघडून तुमी हुसेनबीला हात देऊन उतरवलंत. भर वेशीत, सगळ्यांच्या देखत.

मी बोलायला सुरुवात केली. आवाज असा फुटला की भागवत सरांची सहा माणसं बी इकडं सरकली. सर एकटे राह्यले आणि शेवटी ते बी मागं मागं आले. नदीजवळच्या चढाला त्यांनी छबुबाईचं गाठोडं धरलेलं मी बघितलं. मला त्यांचा राग राह्यला न्हाई.

तुमी माझ्याकडं बघत नव्हतात. पण वेशीतच म्हणलात, मोठ्यांदा, "हुसेनबी इचारते, अंबरच्या फौजंत किती हबशी व्हते?" मी सांगितलं, हजारांनी होते, आणि त्यांच्या जोडीनं मराठे बी होते. थोड्या वेळानं, "हुसेनबी इचारते, त्यो ह्या गल्लीतनं स्वता गेलता का?" मी म्हणले, माझ्याकडं कागद न्हाई. या मुलखात त्याच्या फौजा हिंडल्या, लढल्या, एवढं पक्कं. ह्याच गल्लीतून गेला असं मी म्हणणार न्हाई. तुमी मान हलवलीत. तिसऱ्यांदा तुमी, "हुसेनबी इचारते, बोलून बोलून घसा सुकत न्हाई का," म्हणलात, तवा ती कंबरेवर हात ठेवून वळली. "मैं कुछ नहीं पूछी. मेरा नाम ले ले के कब तक पूछेगा? तेरी बेटी है, तू पूछ." एकतीस माणसं खदाखदा हसली, मुकादम तर खालीच बसला. तुमी टोपी नीट करत भिंतीकडं बघत राह्यलात.

आणि कबर. मी नेहमीचं बोलले, इथं कोण हाय ते माहीत न्हाई. हुसेनबी पुढं गेली, पदर डोक्यावर घेतला. रोजा होता तिचा, सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाई, ऊन चढलेलं. दोन्ही हात दगडावर ठेवले आणि म्हणली, "नाम नहीं मालूम तो क्या हुआ. मैं आई ना." बस, एवढंच. छबुबाई तिच्या शेजारी जाऊन बसली, खांद्याला खांदा लावून. मी फेरी तिथंच संपवली. मी जिंकले, आबा. कुणाला हरवलं ते मला सांगता येणार न्हाई, पण काल मी जिंकले.

मग हुसेनबीला आमच्याकडं ठेवून तुमी गाडीत बसलात आणि गेलात. माझ्याशी एक शब्द न्हाई. संध्याकाळी रुक्मिणीबाईंनी हुसेनबीचा रोजा खजूर देऊन सोडवला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणली, "तेरा बाप अच्छा पढ़ता है. जहाँ तेरा नाम आता है, वहाँ अटकता है."

एक राह्यलंय ते लिहून टाकते. केजच्या स्टँडवर मी लांब गेले नव्हते. रसवंतीच्या मागं उभी होते. तुमी गाडीवर उभं राहून मला हाका मारत होतात, ते सगळं मी ऐकलं. बाहेर आले न्हाई. गाडी हलेपर्यंत तोंड दाबून उभी राह्यले. ह्याची माफी मागायची होती.

सत्यशीला


युसूफ वडगाव
२२ मार्च

चि. सत्यशीलाला राधाकिशनचा आशीर्वाद.

मला लिव्हायची सवय न्हाई. हे दोन दिवस लिव्हतोय. चुकलं तर समजून घे.

रसवंतीमागं व्हतीस ते मला दिसलं व्हतं. तुजी हिरवी ओढणी त्या दुकानाच्या फळ्याच्या कडंनं बाहेर आलती. धोंडीराम म्हणत व्हता, खाली उतरून हुडकू. म्या म्हणलं, कुठं हुडकतो, हाका मारतो, आसंल तर येईल. आन तुज्याकडं पाठ करून हाका मारल्या. मग म्याच डायवरला म्हणलं, चल, उशीर व्हतोय. तू माफी मागू नको. तुजी माय असती तर तिनंच तुला उतरवलं असतं. म्या तेवढा धीराचा न्हाई, म्या नुसती पाठ केली.

फोन कावून उचलला न्हाई ते सांगतो. रागानं न्हाई. एकटा माणूस फडात लई वंगाळ असतो. तुजा आवाज ऐकला असता तर तोंडातनं ये म्हणून गेलं असतं. आन तू आली असतीस. म्हणून उचलला न्हाई. फोन वाजायचा तवा कळायचं, पोरगी बरी हाय.

बीडवरून येताना धोंडीराम म्हणला, राधाकिशन, पोरगी लई बोलती, आता समजूत पटली तर फुडल्या साली आण कोयत्याला. म्या म्हणलं, तिला काम हाय. तो म्हणला, कसलं काम, नुसतं चालायचं आन बोलायचं. म्या म्हणलं, तू चाल आन बोल बघू दोन तास खोटं न बोलता. गप बसला. सगळी गाडी हसली. चार साल त्याच्या हाताखाली हाय म्या, पहिल्यांदा तो गप बसलेला बघितला.

हितं पारावर लोक रोज धरत्यात, अंबरची गोष्ट सांग म्हणून. सांगतो. भांडखोर पोरं इचारत्यात, तुला कुणी सांगितलं. म्या सांगतो, माजी पोरगी सांगती बीडात, जाऊन ऐका. कबरीपाशी आलो की तितं थांबतो, फुडलं बीडात ऐका म्हणतो.

पाडवा ऐतवारचा आलाय. सकाळी तुजी फेरी आसंल. ती बुडवू नको, लोक ताटकळत्याल. काम झालं की दुपारच्या यष्टीनं ये. छबुबाई पोळ्या करून ठिवणार हाय, तुला गुळाची लागती ते म्या सांगितलंय.

येतीस का? हे म्या इचारतोय.

राधाकिशन